गडाखालचा बाजार : एका विनानोंदणी संस्थेची वाटचाल

मे महिना लागला की वेल्ह्याच्या बाजारात तोरणं येतात. पांढुरकी, वाटाण्याएवढी फळं, आत एकच बी, चव गोडसर आणि जराशी पिठूळ. डोंगरावरच्या वस्त्यांतून बाया अंधारात निघतात, डोईवरची पाटी पानांनी झाकलेली, आणि उन्हं चढायच्या आत रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसतात. तोरणं तागडीत जोखत नाहीत. पानावर वाटे मांडायचे, दहाला एक.

एका वर्षी माझ्या शेजारी पाठीवर मोठी सॅक घेतलेला पुण्याचा मुलगा उभा होता. त्यानं विचारलं, ‘‘मावशी, हे काय?’’

‘‘तोरणं.’’

‘‘तोरणा तर तो वर आहे ना?’’

मावशीनं मान वळवून गडाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘त्यो बी तोरणाच. ह्ये खायाचं.’’

या झुडपांचं रान गडावर माजलेलं असे म्हणून गडाला तोरणा नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात आणि पुस्तकांतही तेच छापलेलं आहे. शिवाजी महाराजांनी त्याचं नाव प्रचंडगड ठेवलं. सरकारदरबारी ते चाललं, पण बाजारात काही रुळलं नाही.

शाळा, पतपेढ्या, वाचनालयं यांच्या स्मरणिकांसाठी ‘वाटचाल’ लिहून देण्याचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. त्याचा साचा ठरलेला असतो : संस्थापकांचा फोटो, पहिल्या सभेची तारीख, इमारत निधी, माजी अध्यक्षांची यादी. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतली मला माहीत असलेली सगळ्यात जुनी चालती संस्था म्हणजे गडाखालचा आठवडे बाजार. तिची वाटचाल लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही, कारण सांगायला तिला अध्यक्षच नाही. घटना नाही, नोंदणी क्रमांक नाही, सुवर्णमहोत्सव झाल्याचंही कोणाला आठवत नाही. तरी ठरल्या वारी ती भरते.

बाजार सुरू कधी झाला हे कुठे लिहिलेलं सापडत नाही, पण तो मेला तरी नाव मागे ठेवतो. भोरजवळ रोहिडा ऊर्फ विचित्रगड आहे. त्याच्या पायथ्याच्या गावाचं नाव बाजारवाडी. आज तिथे किल्ला बघायला आलेली मंडळी गाड्या लावतात, आणि गावाला मीठ-मिरची हवी असेल तर गाव भोरला जातं. पण नाव स्पष्ट सांगतं, की वर शिबंदी होती आणि खाली तिला पोसणारी पेठ होती. आपण गडाकडे बुरूज आणि दरवाजे म्हणून पाहतो. बाजारवाडी त्याच्याकडे पोटं म्हणून पाहत असणार. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस आणि त्यांच्या हाताखालची माणसं. अंबारखान्यात धान्य साठवता येतं, पण ताजी भाजी, तेल, विड्याची पानं आणि चपलेचा अंगठा खालूनच यावा लागतो.

पेठ आपोआप वसत नसे. वाण्या-उदम्यांना कौल द्यावा लागे, अमुक वर्षं कर माफ, या आणि दुकान घाला. पेठेचे वतनदार शेटे आणि महाजन. मालावर जकात, त्यातही माल भरला तर थळभरीत आणि उतरला तर थळमोड. दुकानदारावर मोहतर्फा. आज वेल्ह्यासारख्या बाजारात ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन ओळीनं फिरतो आणि बसल्या जागेचे पैसे घेतो. त्याला मोहतर्फा हा शब्द माहीत नसेल, बाईला पावतीवरची अक्षरं लागत नसतील, पण व्यवहार तोच आहे.

तोरणा स्वराज्यात आला तो १६४६ च्या सुमारास. दुरुस्ती करताना गडावर धन सापडलं आणि त्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. शाळेत पुढचं सांगत नाहीत. हंड्यातलं सोनं दगडावर दगड चढवत नाही. ते पाथरवटाच्या, चुना भाजणाऱ्याच्या, बेलदाराच्या हातावर पडतं आणि तिथून आठवड्याच्या आत बाजारात येतं. राजगडाचं बांधकाम वर्षानुवर्षं चाललं. गुंजण मावळातल्या बाजारांना त्याहून चांगला काळ पुन्हा आला असेल असं मला वाटत नाही.

जवळजवळ पंचवीस वर्षं राजगड राजधानी होता. १६५९ मध्ये सईबाई तिथेच गेल्या, १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून सुटून तिथेच परतले, १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म तिथलाच. गुंजवण्याच्या बाजूनं चोरदरवाजाची वाट धरली की हात-पाय दोन्ही लावावे लागतात. उलट पाल गावाकडून पाली दरवाजाला येणारी वाट ऐसपैस आहे, पायऱ्या रुंद, उतार सोसवेल असा. ती राबत्याची वाट. मी तिथून चढतो तेव्हा मला पालख्यांच्या आधी डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं दिसतात. एका पालखीमागे अशा पाट्या किती गेल्या असतील!

बाजार आणि राज्य यांचं नातं कसं असावं, याबद्दल महाराजांची दोन पत्रं मला फार मोलाची वाटतात. पहिलं १६७१ चं, कुडाळच्या सुभेदाराला. बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्याकडची मिठागरं बसतील, तेव्हा तिकडच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा मथितार्थ. दुसरं १६७३ च्या मे महिन्यातलं, चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीला. दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजी, जे लागेल ते बाजारात जाऊन पैसे देऊन आणा, रयतेला काडीचा आजार देऊ नका. दुसरं पत्र सगळे सांगतात, त्यातली करुणाही सांगतात. त्यात आणखी एक गोष्ट आहे. बाजार भरतो, त्यात माल येतो, आणि शिपायाच्या कनवटीला तो घ्यायला पैसा आहे, हे पत्र लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं आहे. लुटीवर जगणाऱ्या फौजेला कोणी बाजाराचा पत्ता सांगत नाही.

राजधानी रायगडला गेली. तिथल्या बाजारपेठेची जोती आजही शाबूत आहेत, समोरासमोर दोन ओळी, प्रत्येकी बावीस दुकानं. स्वारांना घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच ठेवली, असं तिथले वाटाडे सांगतात. मला ते पटत नाही. घोड्यावरून कोणी वांगी निवडत नाही. पण रायगडच्या त्या पेठेत आज शेंगदाणाही विकत मिळायचा नाही, आणि वेल्ह्याच्या गोणपाटावर तोरणं मिळतात. दगडी जोत्यापेक्षा गोणपाट टिकलं.

पुढे हा मुलूख शंकराजी नारायण सचिवांकडे आला आणि त्यांच्या वंशजांचं, पंतसचिवांचं, भोर संस्थान झालं. १९०१ च्या खानेसुमारीत संस्थानाचं क्षेत्र ९२५ चौरस मैल आणि वस्ती १,३७,२६८ होती. पाच तालुके : विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड आणि पवनमावळ. पाचांतल्या चार तालुक्यांना गडांची नावं! गडावरची तोफ गंजली, पण सातबाऱ्यावर गड राहिला. या तपशिलाकडे मी पुन्हा येणार आहे.

भोर हे नीरेकाठचं राजधानीचं गाव, त्यामुळे इथला बाजार मोठा. वाड्याचा रामनवमीचा उत्सव म्हणजे पंचक्रोशीची खरेदी. पण त्याच्या खऱ्या ताकदीचं कारण वाड्यात शोधू नये, ते घाटात आहे. भोरहून वरंध घाटानं महाडला उतरता येतं. वेल्ह्याच्या पलीकडे केळदहून मढे घाट आणि उपांड्याची वाट कोकणात जाते. लमाणांचे आणि गावच्या ओझेवाल्यांचे बैल पाठीवर गोण्या टाकून या वाटांनी चालत. जाताना गूळ, मिरची, कडधान्य. येताना मीठ, सुकी मासळी, नारळ. मढे घाटाचं नाव तानाजी मालुसऱ्यांचं शव उमरठला नेलं त्यावरून पडलं, असं सांगतात. त्या एका शोकयात्रेच्या आधी आणि नंतर त्या वाटेनं मीठच गेलं-आलं. आजही वेल्ह्याच्या बाजारात सुकट-बोंबलांच्या ओळीला कोकणाशी नातं सांगणारा वास येतो, माल आता टेंपोनं पुण्याकडून येत असला तरी.

धरणांनी या संस्थेचं गिऱ्हाईक हलवलं. भाटघरचं लॉइड धरण १९२८ मध्ये पुरं झालं आणि वेळवंडीच्या खोऱ्यात पाणी पसरलं. त्या जलाशयाला आता भुतोंड्याच्या येसाजी कंकांचं नाव आहे. पुढे पानशेत आणि वरसगाव. पुण्यानं १२ जुलै १९६१ ची तारीख पानशेत फुटल्याची म्हणून लक्षात ठेवली. आंबी आणि मोसे खोऱ्यांतल्या माणसांना मात्र आपलं शिवार पाण्याखाली गेल्याची तारीख आठवते. बाजाराला जायच्या पायवाटा गेल्या, पाच कोसांचं अंतर पंधरा कोसांचं झालं.

संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झालं. वेल्हे आधी महाल आणि पुढे तालुका झालं. १९४८ च्याच जूनमध्ये एसटी सुरू झाली आणि मग हळूहळू ती खोऱ्यात पोचली : नसरापूर, मार्गासनी, विंझर, वेल्हे. बाजाराचं घड्याळ तेव्हापासून एसटीच्या शेवटच्या गाडीवर लागलेलं आहे. मुंबईला गेलेल्यांची मनीऑर्डर बाजाराच्या आदल्या दिवशी आली तर सासू खूश, दुसऱ्या दिवशी आली तर आठवडाभर उधारी.

मापांचा किस्सा मात्र सावकाश सांगायला हवा. १९५६ चा कायदा आला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, मागोमाग किलो आला. इन्स्पेक्टर येऊन वजनांवर शिक्के मारू लागले. तरी भाताच्या खोऱ्यात पायली काही मेली नाही. चार शेरांची पायली, शेराचं निम्मं मापटं. आज आंबेमोहर आणि इंद्रायणीचे तांदूळ इलेक्ट्रॉनिक काट्यावर किलोनं विकले जातात, पण गावातल्या गावात देणंघेणं असेल तर पितळेची नाहीतर पत्र्याची पायली निघते. मी एका म्हाताऱ्या बाईला मोजताना पाहिलं. तिनं पायली तांदळात खुपसली, वर शीग चढू दिली, हातानं सपाट केली नाही. पहिलं माप ओतताना तोंडानं ‘‘एक’’ म्हणाली नाही, ‘‘लाभ’’ म्हणाली. मग दोन, तीन, चार. मध्ये कोणीतरी गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘आजी, काट्यावर ठेवा की.’’ आजी थांबली, पायली पालथी घातली आणि सगळं पुन्हा पोत्यात सारून पुन्हा सुरुवात केली, ‘‘लाभ.’’ काट्याला लाभ म्हणता येत नाही, ही तिची अडचण असावी. शिगेचे मूठभर तांदूळ गिऱ्हाइकाच्या पदरात जातात आणि विकणाऱ्याला ते तोट्याचे वाटत नाहीत.

पावसाआधीचा बाजार लोहाराचा. विळे, कोयते, कुऱ्हाडी शेवटायला आणतात. भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा आलाय, ऐरण तीच. इरलं मात्र संपलं. बांबूच्या सांगाड्यावर पळसाची पानं विणून केलेलं इरलं पाठीवर घेऊन बाया भात लावत. प्लॅस्टिकचा कागद दहापट स्वस्त पडला. इरल्याबद्दल गळा काढणारे शहरातले लेख मी वाचतो. इरलं घेऊन दिवसभर वाकलेल्या बाईला कागद हलका वाटला, तिचं बरोबरच होतं.

आता शनिवार-रविवारच्या मंडळींकडे. गेल्या चाळीसेक वर्षांत ट्रेकिंग वाढलं. आधी कॉलेजची पोरं, मग गिर्यारोहण संस्था, आता फोनवर नाव नोंदवून बसनं येणारे. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून डोंगराच्या धारेनं राजगडाच्या संजीवनी माचीवर जायचं, हा त्यांचा मानाचा ट्रेक. गडावर पिठलं-भाकरी, ताक, लिंबूसरबत मिळतं. ते येतं कुठून? बाजारातून घेतलेलं बेसन, कांदे, लिंबं, साखर पायथ्याच्या गावची माणसं डोक्यावरून वर नेतात. गडाला रसद पुन्हा सुरू झाली आहे! शिबंदीच्या अंगावर आता रंगीत टी-शर्ट असतात, एवढंच. मला हे गमतीचं वाटतं आणि थोडं बरंही. साडेतीनशे वर्षांनी बाजाराला आपलं जुनं गिऱ्हाईक परत मिळालं.

पण इथेच एक शंका येते. पेरू देशात कुस्कोजवळ पिसाक नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या आसपास, वरच्या डोंगरावर इंका राजवटीतले अवशेष आणि पायऱ्यापायऱ्यांची शेती, खाली रविवारचा प्रसिद्ध बाजार. वाचताना क्षणभर वेल्ह्याचंच वर्णन वाटतं. फरक मुळातला आहे. इंकांच्या राज्यात नाणं नव्हतं, आणि आपल्यासारखी बाजारव्यवस्थाही नव्हती. रयत श्रमानं कर भरी आणि कोठारांतून वाटप होई. आजचं गाव वसलं ते स्पॅनिशांनी, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. व्हाइसरॉय तोलेदोच्या हुकमानं डोंगरावरची माणसं खाली आणून चौकोनी आखणीच्या गावांत बसवली, त्यांपैकी हे एक. म्हणजे तिथे गड पडल्यावर जेत्यांच्या हुकमाने बाजार आला. आपल्याकडे बाजार आणि गड जोडीनं जगले, आणि गड गेल्यावर बाजार मागे उरला. तरीही पिसाकचं पुढचं पान आपण वाचून ठेवावं असं आहे. तिथे केच्वा बोलणाऱ्या बाया वरच्या गावांतून बटाटे घेऊन येत आणि खालच्या मक्याशी अदलाबदल करत. मग जगभरचे पर्यटक आले. मुख्य चौक लोकरीच्या टोप्या, चादरी, चांदीचे दागिने यांनी भरला, तेही रोज. बटाट्याला कडेला सरकावं लागलं.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत राजगड आहे. तोरणा नाही. या भागाला अभिमान वाटला तो रास्तच. आता रस्ते रुंद होतील, फलक लागतील, गाड्या वाढतील. यादीत वास्तू असतात, माच्या असतात, तटबंदी असते. पायथ्याचा बाजार कोणत्याच यादीत बसत नाही, कारण त्याला जोतं नाही. संध्याकाळी गोणपाट गुंडाळलं की तिथे वारसा असल्याची खूणही उरत नाही. पण त्या बाजारात बसणाऱ्या बायांना सावली, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह मिळालं, तर गडाच्या जतनाचा तो पहिला हप्ता म्हणायला माझी हरकत नाही. सरबताच्या टपऱ्यांना मी विरोध करत नाही. पण तोरणांच्या वाट्याची जागा चावीच्या प्लॅस्टिक कड्यांनी घेतली, तर ती संस्था बंद पडली असंच मी लिहीन.

आता मघाचा तपशील. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. काहींना ते नवं वाटलं, काहींना राजकीय. भोर संस्थानात राजगड तालुका होताच, आणि शेजारी प्रचंडगडही होता. म्हणजे कागदावरचं नाव जुन्या घरी परत आलं. बाजारात मात्र अजून कोणी ‘‘राजगडला चाललो’’ म्हणालं तर समोरचा विचारतो, ‘‘चढायला का बाजाराला?’’ बाजाराला जायचं असेल तर वेल्ह्याला जातात.

तुम्ही याल तेव्हा बाजाराच्या दिवशी या. वार स्वारगेटच्या गाडीतला कंडक्टर सांगेल. आधी गड आणि उतरल्यावर बाजार असा बेत करू नका, उन्हं कलली की तो मोडतो. पिशवी घरून आणा, दहा-दहाच्या नोटा ठेवा, आणि कोणी पायलीनं तांदूळ मोजत असेल तर पहिलं माप पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका.